रेती चाखण्याआधीचं जेवण

कोपरच्या हसुरामने मला फसवलं. जेवायला घालून फसवलं. त्यात माझं जे नुकसान झालं ते मी त्याच्याकडून पुरेपूर वसूल केलं, थोडं जास्तच घेतलं, तेव्हा नुकसानीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार जेवणाबद्दल आहे. ते त्याच्या आईने रांधलं होतं आणि वाढलंही तिनेच. तिला त्यातलं काही ठाऊक होतं की नव्हतं, एवढं एकच उत्तर मला हसुरामकडून हवं आहे. तीस वर्षं उलटून गेली, तो ते देत नाही. म्हणून संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.

धंदा रेतीचा. बाहेरच्या माणसाला त्यात सांगण्यासारखं काय असेल असं वाटतं. खाडीतून काढली, गाडीत भरली, विकली. असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नेहमी दोन आणे जास्त लावले.

आजच्या डोंबिवलीकराला विचारलं की इथे काय पिकतं, तर तो म्हणेल चाकरमाने. मी धंद्यात पडलो तेव्हा, म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागे, इथला मुलूखच उचलून विकला जात होता. पारसिकच्या डोंगराला सुरुंग लागायचे, त्यातून दगड आणि खडी. कल्याणच्या बाजूला भातकापणी झाली की शेतातलीच माती खणून विटांच्या भट्ट्या लागायच्या. ठाण्याकडे मिठागरं. आणि मधून वाहणाऱ्या खाडीच्या तळातून रेती. सोन्याच्या नाहीतर कोळशाच्या खाणीचं गाव असतं ना, तसं हे खाणीचंच गाव, फक्त खाणीवर छप्पर नव्हतं आणि नावाची पाटी नव्हती. अंबरनाथला कारखाने उभे राहत होते. कल्याणजवळ निर्वासितांची छावणी पडली होती आणि तंबूतल्या माणसाला भिंत हवी होती. ठाकुर्लीला रेल्वेच्या चाळी, डोंबिवलीत सारस्वतांच्या आणि कोकणस्थांच्या बैठ्या घरांची जोती. आणि ह्या सगळ्यांच्या पलीकडे मुंबई, जी कितीही दिलं तरी अजून मागायची. मुंबईचे कंत्राटदार आम्ही मुंबई बांधली म्हणून सांगतात. बांधली असेल. पण नेली आमच्याकडून उचलून.

मी मुरबाडकडचा. बाप लवकर गेला, शेत भावकीने खाल्लं, मी कल्याणच्या बंदरावर डोक्यावर पाटी घेतली. पाटीवरून मुकादमी, मुकादमीवरून स्वतःचा पुरवठा. हे कसं झालं ते सांगत बसत नाही. भांडत भांडत झालं एवढं पुरे.

रेती काढायची त्या काळची रीत सांगतो, कारण आता पंप आले आणि ती माणसं गेली. पडाव म्हणजे मालाची मोठी होडी. तो खाडीत मध्यावर उभा करायचा. एक लांब वासा तळात रोवायचा. त्या वाशाला धरून माणूस बालदी घेऊन खाली जायचा, वीस-पंचवीस फूट, श्वास धरून. तळाची रेती बालदीत लोटायची, दोरीला हिसका द्यायचा, वरचे दोघे ओढून घ्यायचे. ह्याला डुबी म्हणत. दिवसाला शेकडो डुब्या मारणारे गडी मी पाहिलेत. चाळिशीत त्यांचे कान जायचे. आम्ही बंदरावर मोठ्याने बोलायचो ते सगळं रागाने नव्हे, निम्मं त्यांच्या कानांमुळे. माझं मात्र रागानेच असायचं.

आता मुख्य गोष्ट. रेती दोन जातींची, गोड आणि खारी. कल्याणच्या वर, काळू नदीच्या तोंडाशी निघते ती गोड. खाली कोपर, दिवा, मुंब्र्याकडे समुद्राचं पाणी येतं, तिथली खारी. दिसायला सारखीच. पण खारी रेती गिलाव्यात गेली की भिंत पावसाळ्यात घामेजते आणि पावसाळा सरला की तिला लोणा लागतो. पांढरी खारट पूड येते, रंग सुटतो, गिलाव्याचे पापुद्रे पडतात. घर बांधणारा माणूस आयुष्यात एकदा बांधतो, म्हणून त्याला हे कळेपर्यंत रेतीवाला दुसऱ्या गावाला गेलेला असतो. मी गेलो नाही. मी गोड रेती सांगून गोडच दिली आणि तिचा भाव चोख घेतला, त्यावर माझं दुकान चाललं.

गोड की खारी हे ठरवायचं कसं? जिभेने. पडावाच्या बुडातून चिमूट घ्यायची, वरून कधीच नाही, कारण वरच्या थरावर नदीच्या पाण्याच्या चार बालद्या ओतून ठेवणारे महाभाग मी पाहिले होते. चिमूट जिभेच्या कडेला ठेवायची, दातांखाली येऊ द्यायची नाही, मनात दहापर्यंत मोजायचं आणि थुंकायचं. गोड रेतीला चव नसते, नव्या मडक्याचा वास तेवढा येतो. खारी रेती सात-आठच्या आकड्याला बोलते. बंदरावर माझी जीभ शेवटची मानत. मी गोड म्हटलं की गोड. आणि पहिल्या पडावाची चव घेतली की त्या मालकाच्या त्याच ठिकाणच्या पुढच्या खेपा चाखायच्या नाहीत, असा बंदराचा रिवाज होता. पुन्हा चाखणं म्हणजे मालकाला चोर म्हणणं. तोंडावर मला शेठ म्हणत. पाठ वळली की चाटूशेठ.

ह्या जिभेचं एक पथ्य होतं. ज्या दिवशी चाखायचं त्या दिवशी सकाळपासून मीठ तोंडात घालायचं नाही. अळणी भाकरी आणि गूळ. खारट खाल्लेल्या तोंडाला थोडं खारट कळत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. गुळाच्या त्या भाकरीवर मी अर्धी जवानी काढली.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. छावणीतला एक सिंधी दुकानदार अर्धी गाडी रेतीसाठी तासभर घासाघीस करायचा. माझ्या जिभेवर त्याचा विश्वास नव्हता. तो काचेची बाटली आणायचा, तीत रेती आणि पाणी घालून हलवायचा आणि तळाशी माती किती बसते ते बघत उकिडवा बसायचा. तोवर मी शिव्या देत उभा. पुढे ती बाटलीची युक्ती मी त्याच्याकडूनच उचलली आणि दुसऱ्यांवर वापरली. डोंबिवलीचे एक पेन्शनर तर मला बांधून झालेलं घर चाखायला घेऊन गेले. मी सांगितलं, काका, आता कळून काय उपयोग? ते म्हणाले, उपयोग नाही, पण कंत्राटदाराला मी काय म्हणावं ते ठरवायचंय. मी न्हाणीघराचा कोपरा चाखला आणि त्यांना दोन-तीन चांगले शब्द सुचवले.

माझी स्वतःची एक युक्ती होती आणि हसुरामचं प्रकरण तिथूनच सुरू होतं. पडाव भरतीच्या पाण्यावर धक्क्याला लागतो. ओहोटीच्या आत तो रिकामा झाला नाही तर चिखलात बसतो आणि पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. मालकाची एक खेप बुडते. म्हणून मी सौदा सुरूच करायचो भरती पुरी झाल्यावर. आधी चहा. मग घरची विचारपूस. मग मागच्या खेपेच्या मापाबद्दल एक जुनं भांडण उकरून काढायचं. पाणी उतरायला लागलं की पडाववाल्याची नजर माझ्यावरून खाडीकडे जायची, आणि ती तिसऱ्यांदा गेली की मी माझा भाव सांगायचो.

हसुराम माझ्याच वयाचा, कोपर गावचा आगरी, स्वतःचा पडाव बाळगून असलेला. कमी बोलायचा. भाव एकदा सांगायचा आणि गप्प बसायचा. अशा माणसाशी सौदा करायचा म्हणजे भिंतीशी भांडायचं. एके दिवशी मी त्याला असाच ताटकळत ठेवला. त्याने भाव सांगितला, मी दुसरा चहा मागवला. पाणी उतरलं. त्याचा भरलेला पडाव खाली बसला तो नेमका जुन्या धक्क्याच्या ढासळलेल्या दगडांवर. एका अंगाला कलला आणि ओझ्याने बुडाच्या दोन फळ्या उसवल्या. लाकडाचा तो आवाज सगळ्या बंदराने ऐकला. हसुराम चिखलात उतरला, फळ्यांना हात लावून आला, आणि एवढंच म्हणाला, "आज तुजा दिवस हाय, शेठ."

मी हसलो. रेती माझ्या भावाने घेतली. त्या हसण्याची आज मला लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

दोन महिने त्याचा पडाव काठावर पालथा पडला होता. त्याच सुमारास भागवत मास्तर माझ्याकडे आले. त्यांची शाळा एका चाळीच्या ओटीवर भरायची. पाऊस आला की पहिली आणि दुसरी एकाच खोलीत. आसपासच्या घरांनी वर्गणी करून पाच खोल्यांची शाळा बांधायला काढली होती. कुणी विटा दिल्या, कुणी कौलं, एका विधवा बाईंनी म्हणे पाटल्या मोडल्या. मास्तर छत्री आणि वही घेऊन बंदरावर आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "शेठ, मला रेतीतलं काही कळत नाही. पुन्हा वर्गणी मागायला मी लोकांच्या दारी जाऊ शकणार नाही. भिंती टिकतील एवढंच बघा."

माझ्याशी घासाघीस न करणारा माणूस समोर आला की माझं डोकं चालत नाही. मी म्हणालो, "मास्तर, शाळा कोरडी राहील. माझ्या जिभेची हमी."

हमी दिली खरी, पण वैशाख लागला होता. नदी आटलेली, समुद्राचं पाणी कल्याणच्याही वर चढलेलं, गोड रेती मिळणं कठीण. आठ पडाव हवे होते. बहुतेकांनी हात झाडले. आणि दुरुस्त झालेला पडाव घेऊन हसुराम आला. म्हणाला, काळूच्या तोंडाला अजून गोड निघते, मी आणतो, पण तुझ्या बंदरावर लावणार नाही. कोपरला माझ्या घरामागे ये, तिथे चाख आणि तिथून गाड्या भर. मला त्यात काही गैर वाटलं नाही. माझ्या बंदरावर त्याची फळी उसवली होती, तो तिथे पुन्हा कशाला लावेल?

मी ठरल्या सकाळी गेलो. पोटात गुळाची भाकरी. हसुरामची आई ओट्यावर जाळं विणत बसली होती. जनाबाय तिचं नाव. तरुणपणी मिठागरात राबलेली, तळव्यांना भेगा, कपाळावर आडवं गोंदण. तिला मी ह्याआधी दोनदा पाहिली होती. मला पाहिल्यावर जाळं बाजूला ठेवलं.

"ये बाला. बस. आदी जेव."

मी म्हणालो, आये, आधी रेती बघतो. चाखेपर्यंत मला मीठ चालत नाही.

"रेती काय पलून जाते? मास्तरच्या शालंसाठी आलास, नि माज्या घरातून उपाशी जाशील? लोक मना काय बोलतील?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर आतून निखाऱ्यावरच्या खाऱ्या बांगड्याचा वास आला. वाचकहो, मी खानावळीत जेवणारा माणूस. दिवसभर मला लोक शेठ म्हणायचे, पण बाळा म्हणणारं त्या सबंध मुलुखात कुणी नव्हतं. मी बसलो.

तांदळाची भाकरी, भाजलेला खारा बांगडा, सुक्या जवळ्याची चटणी आणि मिठाच्या पाण्यातली कैरी. असं जेवण मी पुन्हा जेवलो नाही. एक बांगडा झाला, तिने दुसरा वाढला. दुसरा झाला, तिने विचारलंही नाही. मी तिसरा संपवला आणि पाण्याच्या तांब्याकडे हात नेला, तर तिने तो उचलून आपल्या पलीकडे ठेवला.

"मासलीवर लगेच पानी नको. पोट दुखंल."

हसुराम दाराशी बसून जेवत होता. मान खाली.

मग आम्ही मागे गेलो. पडाव भरतीवर डुलत होता, कोपरची दहा-पंधरा माणसं सहज आल्यासारखी उभी होती. मी बुडात हात घातला, चिमूट घेतली, जिभेच्या कडेला ठेवली. दहापर्यंत मोजलं. काही नाही. खबरदारी म्हणून वीसपर्यंत मोजलं. नव्या मडक्याचा वाससुद्धा आला, किंवा मला यावा असं वाटत होतं म्हणून आला.

"गोड," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

हसुराम माणसांकडे वळला. "सगल्यांनी आयकलं?" सगळ्यांनी ऐकलं होतं. आठही पडावांच्या गाड्या त्या आठवड्यात शाळेवर गेल्या. रिवाजाप्रमाणे पुढचे सात मी चाखले नाहीत.

शाळा जूनमध्ये भरली. नवी कौलं, चुन्याचा पांढरा गिलावा, पाच खोल्या. मास्तरांनी मला पहिल्या दिवशी बोलावून खुर्ची दिली. पावसाळा संपला, नवरात्र आलं, आणि एका दुपारी मास्तर छत्री आणि वही घेऊन पुन्हा दारात. मी त्यांना बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. म्हणाले, जरा शाळेत येता का, मुलांचा एक प्रकार दाखवायचा आहे.

मधल्या सुट्टीची वेळ होती. तिसरीच्या वर्गाबाहेर पोरांची रांग लागली होती. एकेक पोरगं खिशातून आवळा काढायचं, चावा घ्यायचं, ओली बाजू भिंतीवर घासायचं आणि पुन्हा खायचं. मुलींनी चिंचेसाठी खिडकीखालची वेगळी जागा धरली होती. सबंध भिंतीवर पांढरं फुललं होतं. मास्तर म्हणाले की पहिल्यांदा त्यांना वाटलं, मुलं खडू खातात. मग त्यांनी स्वतः बोट लावून पाहिलं.

"शेठ, मी तुम्हाला काही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण तुमची खात्री तुम्ही करून घ्या."

मी शंभर पोरांसमोर भिंतीला जीभ लावली. मोजावं लागलं नाही. एक पोरगी दुसरीला म्हणाली, "बघ, शेठना पण आवडलं."

ते बांगडे त्या क्षणी माझ्या डोक्यात उलगडले. तिन्ही. मग तांब्या.

मी तसाच कोपरला गेलो. वाटेत बोलायचं ते सगळं मोठ्याने बोलून झालं, त्यामुळे पोहोचलो तेव्हा आवाज बसला होता. हसुराम पडावाजवळ दोर वळत होता.

"शाळेला खारी रेती घातलीस," मी म्हणालो. "पोरांच्या शाळेला."

"मी कुठं बोललू गोड? तू बोललास. पंदरा मानसांम्होरं."

"खारं खायला घालून चाखायला लावलंस."

"मी तुना भरवला? तिसरा कोनी मागला?"

तिसरा मी मागितला नव्हता, पण नकोही म्हटलं नव्हतं. मी त्याला चोर म्हणालो, शाळेचा गुन्हेगार म्हणालो, आणखी बरंच म्हणालो, ते ह्या अंकात छापणार नाहीत. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्याने दोर खाली ठेवला.

"माजी फली उसवली तवा तू चा पीत व्हतास. दोन म्हयनं घरात कमाई नव्हती. तुना कोनी इचारला?"

मी सौदा सुरू केला. अडलो की मी सौदा सुरू करतो, ती माझी सवय आहे. दीड तास चालला. काय गंमत सांगू, ह्या खेपेला चहा त्याने मागवला. ठरलं ते असं. पावसाने नदी भरलेली आहे, तेव्हा गिलाव्याला लागेल तेवढी गोड रेती हसुराम काळूवरून आणणार, फुकट, आणि त्याचीच माणसं ती शाळेपर्यंत वाहणार. गवंड्यांची मजुरी आणि चुना माझा. शिवाय त्याच्या पडावाला सागाच्या दोन फळ्या मी द्यायच्या. मला एक गाडी रेती वरकड, माझ्या घराच्या ओट्याला. ही शेवटची अट मी उठता उठता घातली आणि तो दमला होता म्हणून मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीत पाचही खोल्यांचा गिलावा खरवडला. आता माझ्या जिभेवर विसंबायचं नाही असं मास्तरांनी ठरवलं होतं. पहिली गाडी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले, चिमूट तोंडात घातली आणि बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मला रेतीसारखी लागतेय." शेवटी गवंड्याने, हसुरामने आणि मी, तिघांनी अळणी तोंडाने चाखली आणि तिघांनी गोड म्हटलं. नवा गिलावा टिकला. जोत्याजवळ दोन हात उंचीपर्यंत मात्र अजून दर वर्षी पांढरं येतं, कारण विटांच्या सांध्यात गेलेली ती रेती कोण काढणार? पोरं तिथे अजून आवळे घासतात, असं ऐकतो. मास्तरांनी माझी खुर्ची काढून घेतली नाही. पुढच्या प्रत्येक पंधरा ऑगस्टला मला बोलावलं. मी गेलो आणि त्या दोन हातांकडे पाठ करून बसलो.

तर रेतीचा हिशेब मिटला. फळ्यांचाही मिटला. सौदा संपवून उठताना मी हसुरामला विचारलं होतं, तुझ्या आईला माहीत होतं का रे? तो खाडीकडे बघत म्हणाला, "सौदा झाला ना तुजा?" आणि दोर उचलून चालू लागला.

मी मनाशी ठरवून टाकलं की तिला माहीत असणारच. जन्म मिठागरात गेलेली बाई, मिठाने तोंड कसं मरतं हे तिला नाही कळणार तर कुणाला? तांब्या तिने उगाच नाही सरकवला. मी कोपरला तिच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही. तिने निरोप पाठवला, मांदेली सुकवलीत, ये. मी गेलो नाही. डोंबिवलीच्या बाजारात एकदा समोर आली. म्हणाली, "बारीक झालास. कवा येशील?" मी वेळ नाही म्हणालो. मग तिने एका गाडीवाल्याच्या हाती केळीच्या पानात बांधलेले बांगडे पाठवले. मी ते पान न सोडता त्याच गाडीवाल्याकडे परत दिलं. त्यानंतर निरोप आला नाही. तिसऱ्या वर्षी ती गेली. मी मयताला गेलो होतो, गर्दीच्या मागे उभा राहिलो. बायका बोलत होत्या त्यातून कळलं की म्हातारी घरी येणाऱ्या प्रत्येकाला तीन-तीन बांगडे वाढायची. आणि मासळीवर पाणी पिऊ नका, हे तर तिचं पालुपद होतं म्हणे.

आता बघा. तिला माहीत असेल तर आमच्या सबंध खाडीत माझ्यासमोर बसून मला हरवणारी ती एकटी, आणि तिच्या पुढ्यात जाऊन मी ते कबूल केलं असतं. धंद्यात हरल्याचं मला दुःख नसतं, फक्त कुणाशी हरलो ते कळावं लागतं. आणि तिला माहीत नसेल, तर मला बाळा म्हणणाऱ्या बाईचं अन्न मी न उघडता परत पाठवलं. दोन्हींतलं कुठलं, ते जाणणारा माणूस एकच उरलाय.

तो कोपरला आहे. भाताच्या जमिनीवर इमारत उभी राहिली आहे, खाली खुर्ची टाकून बसतो. मी विषय काढला की कान गेले म्हणतो. भाड्याची गोष्ट निघाली की ऐकू येतं. आम्ही भेटतो, भांडतो, एकमेकांच्या औषधांची चौकशी करतो. सगळं बोलतो, हे सोडून.

हसुराम, हा अंक तुझ्या घरी येतो, तुझी सून वाचते हे मला ठाऊक आहे. तिच्याकडून मोठ्याने वाचून घे. फळ्या मी दिल्या, रेती तू दिलीस, त्यावर मी एक शब्द काढणार नाही. मी पाडव्याला सकाळी तुझ्या दारात येतोय. त्या दिवशी आयेने तांब्या उचलला तो तू सांगितलंस म्हणून, की तिच्या मनाने? मास्तर गेले, गाडीवाला गेला, विचारायला दुसरं कुणी नाही. उत्तर तुलाच द्यावं लागेल, आणि ते मिळाल्याशिवाय मी तुझ्या ओट्यावरून उठणार नाही.